पाच बादल्या हवा

माझ्या गाडीचं इंजिन ९९९ सीसीचं आहे. पूर्ण एक लिटरसुद्धा नाही. तीन सिलिंडर, एक टर्बो आणि ११० अश्वशक्ती. एका रविवारी कागद-पेन घेऊन हिशोब केला, की ही ताकद देण्यासाठी इंजिनाला हवा लागते तरी किती? उत्तर आलं सेकंदाला साधारण नव्वद ग्रॅम. आपल्या बेळगावच्या विरळ हवेत त्याचे ऐंशी लिटर होतात. घरातल्या बादलीने मोजलं तर पाच बादल्या. सेकंदाला पाच बादल्या हवा आत जाते, तेव्हा ती छोटीशी पोलो पळते.

हा हिशोब मी बाबांना सांगितला. ते पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "आणि पेट्रोल?"

सेकंदाला सहा-सात ग्रॅम. चमचा-दीड चमचा. म्हणजे गाडी पेट्रोलवर चालते असं आपण म्हणतो खरं, पण वजनाने बघितलं तर ती मुख्यतः हवेवर चालते. ताकद वाढवायची म्हणजे हवा वाढवायची. पेट्रोल काय, इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवला की झालं. हे मला बी.ई. मेकॅनिकलला शिकवलं होतं. पुढे नोकरी सॉफ्टवेअरची लागली, घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतो, आणि शिकलेलं सगळं त्या पोलोवर खर्च करतो. बायकोच्या भाषेत सांगायचं तर 'पैसेसुद्धा'.

गाडी २०२१ची, एक लिटर टीएसआय, हाताने गिअर बदलायची. पोलो चाकणला बनायची, २०२२मध्ये भारतात बंद झाली. बंद झालेल्या गाडीवर माणसाचा जीव जरा जास्तच जडतो. गाडी तीन वर्षांची झाली, तेव्हा 'आता हिच्यात काहीतरी करूया' हा किडा डोक्यात शिरला.

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. उद्यमबागेत त्यांचं छोटं वर्कशॉप होतं. दोन लेथ, एक बोअरिंग मशीन, एक होनिंग. स्कूटर, मोटरसायकल, पाण्याचे पंप, ट्रॅक्टर, सगळ्यांचे सिलिंडर तिथे येऊन बोअर होऊन जायचे. शाळा सुटल्यावर मी तिथे बसून गृहपाठ करायचो. कटिंग ऑइलचा वास आला की मला अजून पाढे आठवतात. इतकं सगळं असून ताकद वाढवण्याच्या कामाला बाबा हात लावत नसत. कुणी विचारलं तर, "कंपनीचं माप आहे तेच करून देतो, पाहिजे तर कर." का, ते मी कधी विचारलं नाही.

तर, किडा. पहिलं आमिष असतं एअर फिल्टरचं. मित्राने त्याच्या गाडीला शंकूसारखा उघडा फिल्टर बसवला होता, नऊ हजारांचा. ॲक्सिलरेटर दाबला की 'सूंऽऽ' असा आवाज. मी चालवून बघितली आणि शपथेवर सांगतो, गाडी पळत होती! घरी येऊन मलाही तेच पाहिजे म्हणालो. बाबा म्हणाले, "पळत होती की ओरडत होती?"

ऑफिसात एखादा प्रोग्रॅम हळू चालायला लागला तर आम्ही आधी प्रोफायलर लावतो, वेळ नक्की कुठे जातोय ते बघतो. अंदाजाने कोड बदलणाऱ्या नवख्याला मी स्वतः दोनदा झापलं आहे. आणि गाडीच्या बाबतीत मी आवाज ऐकून नऊ हजार खर्च करायला निघालो होतो.

मोजायची कल्पना बाबांचीच. गवंडी लेव्हल काढायला पारदर्शक नळी वापरतात, ती त्यांनी आणली. प्लायवूडच्या फळीवर ती इंग्रजी 'यू'च्या आकारात ठोकली, मधे स्टीलची पट्टी लावली, नळीत पाणी भरलं आणि दिसावं म्हणून त्यात नीळ टाकली. भंगारवाल्याकडून त्याच मॉडेलचा जुना रबरी पाईप मिळवला, फिल्टरच्या डब्यापासून टर्बोपर्यंत जातो तो, आणि त्याला भोक पाडून एक निपल बसवलं. म्हणजे माझ्या गाडीचा मूळ पाईप शाबूत. चुकून पाणी टर्बोत ओढलं जाऊ नये म्हणून मधे एक रिकामी बाटली जोडली. नळीचं एक टोक त्या निपलला, दुसरं उघडं. इंजिन हवा ओढायला लागलं, की वाटेत जेवढा अडथळा, तेवढं एका बाजूचं पाणी वर चढणार. फिल्टर किती अडवतो हे थेट सेंटिमीटरमध्ये.

पहाटे पाचला मोकळ्या रस्त्यावर आम्ही दोघं. मी दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर तळाला दाबायचो, साडेपाच हजार आरपीएमपर्यंत, आणि बाबा मांडीवर फळी धरून, चष्मा कपाळावर सारून आकडा ओरडायचे. दूधवाला थांबून बघत होता.

तीस हजार किलोमीटर चाललेला जुना फिल्टर: ३४ सेंटिमीटर. सहाशे रुपयांचा कंपनीचाच नवा फिल्टर: २३. मग फिल्टर काढूनच टाकला, फक्त एका फेरीपुरता: १९.

हा शेवटचा आकडा महत्त्वाचा. जगातला कितीही महागडा फिल्टर घेतला तरी 'फिल्टरच नाही' यापेक्षा मोकळा तो असू शकत नाही. म्हणजे नव्या साध्या फिल्टरवर नऊ हजारांत जास्तीत जास्त मिळणार काय, तर चार सेंटिमीटर पाणी. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर; इथल्या हवेचा दाब पाण्याच्या साधारण ९४० सेंटिमीटर उंचीइतका. त्यातले चार. अर्धा टक्काही नाही, म्हणजे ११० घोड्यांत अर्धा घोडाही नाही. शिवाय टर्बो ती तूट स्वतःच थोडं जास्त फिरून भरून काढतो. उलट उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो, आणि चाळीस अंशांची हवा साठ अंशांवर गेली की ती सहा टक्के विरळ होते. त्या 'सूंऽऽ' आवाजाला बाबांनी बरोबर ओळखलं होतं.

मग हेडर. सिलिंडरमधून बाहेर पडणाऱ्या धुराला मोकळी वाट देणारे ते सुंदर वळणदार पाईप. इथे निर्णय सोपा होता, कारण माझ्या इंजिनात ते बसूच शकत नाहीत! या इंजिनाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आहे, वेगळा भागच नाही. तरी एकाने फोनवर मला 'स्पेशल हेडर'चा भाव सांगितला होता. मॉडेल नीट सांगूनसुद्धा. तुमच्यापैकी कुणी गाडीला काही करायला निघाला असेल तर हा प्रश्न जरूर विचारून बघा. समोरच्याला कामाची किती माहिती आहे ते लगेच कळतं.

त्यापुढचा पर्याय टर्बोनंतरचा रुंद पाईप, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकलेला. त्याने टर्बोला खरंच श्वास मिळतो, नाकारत नाही. पण विषारी वायू अडवणारी ती जाळी काढून मी रोज सकाळी लेकीला शाळेच्या फाटकाशी सोडणार, जिथे आणखी दोनशे पोरं उभी असतात. हा विषय मी घरात काढलासुद्धा नाही. कायद्यातही तो बसत नाही.

राहिला रिमॅप. आणि खरी मेख तिथेच आहे. टर्बोच्या गाडीत हवेला सगळ्यात मोठा अडथळा पाईपचा नसतो, आज्ञेचा असतो. टर्बोने किती दाबायचं याची मर्यादा इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये लिहिलेली असते. तो आकडा बदलला, ठिणगीची वेळ आणि पेट्रोल त्याला जुळवून घेतलं, की एकही नट न खोलता पाच बादल्यांच्या सहा होतात. सॉफ्टवेअरवाल्याला याहून गोड दुसरं काय! पुण्याच्या एका ट्यूनरने कागदावर दाखवलं: ११०चे १३५, टॉर्क १७५वरून २२०. मोकळेपणाने हेही सांगितलं, की ९५ ऑक्टेनखालचं पेट्रोल टाकू नका, ठोके पडतील. कामाच्या निमित्ताने पुण्याला गेलो होतो, तेव्हा करून आलो. अडतीस हजार. घरी कुणाला बोललो नाही. विमा कंपनीलाही नाही.

खोटं कशाला सांगू, मजा यायची. जांबोटीच्या रस्त्याला तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमवर पाय दाबला, की पाठीला कुणीतरी हात लावून ढकलल्यासारखं वाटायचं. सहा महिने मी त्या हातासाठी कारणं काढून गाडी बाहेर काढत होतो. दही संपलं? मी आणतो.

गेल्या वर्षी डिसेंबरात गोव्याला निघालो. आई, बाबा, बायको, लेक, मी आणि डिकीत पाच जणांचं सामान. कणकुंबी मागे पडलं, चोर्ला घाट सुरू झाला. हा रस्ता मी कितीदा उतरलोय त्याला गणती नाही. पण पूर्वी दोन वळणांच्या मधल्या तुकड्यात गाडी पंचेचाळीसला जायची, ती आता नकळत साठला जात होती. मी काही वेडं चालवत नव्हतो, बायकोनेही टोकलं नाही. पण ब्रेकमध्ये तयार होणारी उष्णता वेगाच्या वर्गावर जाते. पंचेचाळीसच्या ऐवजी साठवरून थांबवायचं म्हणजे पावणेदोन पट. प्रत्येक वळणाला. भरल्या गाडीला. आणि मी चौथ्या गिअरमध्ये, सगळं काम ब्रेकवर सोडून.

केरी अजून खाली होतं. एका डाव्या वळणाला पाय ठेवला आणि पेडल नेहमीच्या जागी लागलंच नाही. खाली गेलं. अजून खाली गेलं. गाडी मंदावली, पण माझ्या मनात होतं तिथे नाही. वळणाच्या बाहेरच्या कडेला, रेलिंगपासून हातभर अंतरावर. मी पेडल दोन-तीनदा मारलं, दुसरा गिअर टाकला, इंजिन किंचाळलं आणि पुढच्या रुंद जागेवर गाडी थांबली. जळका वास गाडीत भरला. लेक म्हणाली, "बाबा, माकड!" तिला वाटलं माकडं दाखवायला थांबवली.

आई काही बोलली नाही. तिने फक्त पिशवी मांडीवरून खाली ठेवली, आणि तिचे हात थरथरत होते.

बाबा खाली उतरले, चाकाजवळ वाकले, हात न लावता हात शेकल्यासारखे धरले. म्हणाले, "अर्धा तास कोण हलू नका." उरलेला घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. गोव्यात बाबा त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. माझा पहिला अंदाज होता की पॅड संपले असतील. नव्हते संपले.

परत येताना चढ. तिसरा गिअर, पाच माणसं, मी पाय दाबला. आरपीएमचा काटा सर्रकन वर गेला, वेगाचा तिथेच. एकदा. पुन्हा एकदा. बाबा शेजारी डोळे मिटून बसले होते. तसेच म्हणाले, "क्लच घसरालाय."

मी गप्प.

"चार वर्षांत एवढ्या गाडीचा क्लच जात नाही. कायतरी केलंयस."

कणकुंबीत चहाला थांबलो. बायका आत गेल्या आणि मी सगळं सांगितलं. रिमॅप, २२०चा टॉर्क, आणि क्लच मात्र १७५साठी बनवलेला. मला वाटलं ते ओरडतील. त्यांनी बशीत चहा ओतला आणि एक गोष्ट सांगितली, जी मी पस्तीस वर्षांत ऐकली नव्हती.

नव्वदच्या आसपास एक कॉलेजचा पोरगा यामाहा आरएक्स १००चा सिलिंडर घेऊन आला होता. पोर्टिंग करून पाहिजे म्हणाला. टू-स्ट्रोक इंजिनात सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात, हवा त्यातूनच आत-बाहेर करते; त्या कानशीने मोठ्या केल्या की गाडी पिसाटते. बाबा तेव्हा हौशी होते. एक रविवार बसून त्यांनी ते काम केलं, आरशासारखं घासून. "एवढं चांगलं काम मी परत केलं नाही," म्हणाले. पोरगा खूश होऊन गेला. तीन आठवड्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली.

"वाचला. पण पाय वाकत नाही. अजून टिळकवाडीत दिसतो. नमस्कार करतोय मला."

मी म्हटलं, "त्यात तुमची काय चूक? चालवत तो होता."

"तेच म्हणतात सगळे. पण त्याचे ब्रेक लायनर मी बघितलेच नव्हते. सिलिंडर दिला, सिलिंडर केला. बिलात ब्रेक नव्हता." बशी खाली ठेवून ते उठले. "घाटात तुझा ब्रेक का गेला, बघितलास काय?"

नव्हतं बघितलं. घरी आल्यावर बघितलं. ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा हळूहळू पीत राहतं. माझ्या गाडीत लागतं ते डॉट ४ नवं असताना २३० अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे. पाणी मुरलेल्या अवस्थेत तीच किमान मर्यादा १५५वर येते. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडे दाबले जातात. पाय खाली जातो पण दाब चाकापर्यंत पोहोचत नाही. दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. माझं चार वर्षांचं होतं, आणि चार पावसाळे आपले, बेळगावचे. हवेचा अडथळा सेंटिमीटरमध्ये मोजणाऱ्या माणसाने तीनशे-चारशे रुपयांची ती बाटली कधी उघडली नव्हती.

त्या आठवड्यात तीन गोष्टी केल्या. विमा एजंटला फोन करून आडून विचारलं, समजा एखाद्याने इंजिनची ताकद वाढवली आणि कळवलं नाही तर? तो हसून म्हणाला, क्लेमच्या वेळी कळलं तर तुमचं नशीब. आरटीओचा मुद्दा वेगळाच: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतली माहिती कंपनीच्या मूळ मापापेक्षा वेगळी होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठासून सांगितलं आहे. रिमॅप वरून दिसत नाही, म्हणून सगळे निर्धास्त असतात. मीही होतो. पण त्या वळणावर समोरून कुणी आलं असतं तर, हा विचार एकदा केला की तो निर्धास्तपणा परत येत नाही.

दुसरी गोष्ट, ट्यूनरकडून मूळ प्रोग्रॅम परत टाकून घेतला. अडतीस हजार गेले ते गेलेच.

तिसरी, रविवारी बाबांना घेऊन ब्रेक ऑइल बदललं. ते ड्रायव्हरच्या सीटवर, मी चाकाशी पाना घेऊन. "दाब." "दाबलं." "धरा." मी निपल ढिलं करायचो, ऑइल चर्रकन नळीतून बाटलीत. "सोडा." चारही चाकं, पुन्हा पुन्हा. जुनं ऑइल कोऱ्या चहासारखं निघालं. लेक पायरीवर बसून 'दाब-धरा-सोडा' म्हणत होती आणि मुद्दाम चुकीच्या वेळी म्हणत होती. पुढचे पॅड आणि चारही टायर बदलले. टायरला खर्च झाला ते ऐकून बायको प्रथमच म्हणाली, "हे ठीक आहे."

त्या पाठीवरच्या हाताची आठवण येत नाही असं म्हणणार नाही. जांबोटीच्या रस्त्याला अजून येते. पन्नास हजार किलोमीटर झाले की इन्टेक व्हॉल्व्ह तेवढे साफ करून घेणार आहे. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत, काजळी साचते आणि हवेची वाट अरुंद होते. ही हवा वाढवणं नव्हे, गेलेली परत आणणं. त्याला कुणाची हरकत नसावी. आणि ज्यांना खरंच सहा बादल्या पाहिजेत त्यांच्यासाठी कोइमतूरला कारी मोटर स्पीडवे आहे. तिथे समोरून ट्रॅक्टर येत नाही.

हे मी सहज बाबांना बोललो, ऑइलचे हात रॉकेलने पुसत असताना. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. निळीच्या पाण्याची ती फळी गॅरेजच्या भिंतीला टांगलेली आहे, तिच्यावरची धूळ त्यांनी फडक्याने झटकली.

"तिथं म्हाताऱ्यांना आत सोडतात काय?" त्यांनी विचारलं.